अर्धी करंगळी

मी एक जुना पॉलिशर आहे, मित्रांनो. मोटारींच्या रंगावरचे ओरखडे घासून काढायचे, एवढंच माझं काम. मला एकच चाल येते, सरळ गोल फिरायची. तिच्यात जोर आहे आणि धोकाही. एका जागी जरा जास्त रेंगाळलो की रंग तापतो, जळतो आणि खालचं पांढरं अस्तर उघडं पडतं. आमच्या धंद्यात याहून मोठी नामुष्की नाही.

माझा मालक टोयवो लाहती. सुपीरियर सरोवराजवळच्या हॅनकॉक गावात त्याचं गाड्या रंगवायचं गॅरेज आहे. कित्येक वर्षं त्यानं माझ्याशिवाय दुसरं यंत्र हातात धरलं नाही. मग एक दिवस फळीवर माझ्या शेजारी नवा येऊन बसला. तो फिरता फिरता डुलतो, त्यामुळे रंग सहसा तापत नाही. टोयवो त्याला डुलक्या म्हणायचा. बघता बघता सगळी कामं डुलक्याकडे गेली आणि मी धूळ खात पडलो. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

पण मला सांगायचंय ते रेइनो माकीच्या गाडीबद्दल.

रेइनो लाकडाच्या गिरणीत कामाला होता. करवतीनं त्याची उजवी करंगळी अर्धी नेली होती. पानगळीच्या दिवसांत टोयवोनं त्याच्या गाडीला निळसर काळा रंग दिला, आणि तो वाळायच्या आतच या पठ्ठ्यानं डिकीवर हात टेकवून पाहिला. अख्खा पंजा उमटला, अर्ध्या करंगळीसकट. टोयवोनं त्याला गाढव म्हटलं. थंडीभर गाडी कोठारात राहू दे, रंग कडक झाला की वसंतात ठसा काढतो, असं सांगून त्याला घरी धाडलं.

त्याच थंडीत रेइनो खाडीवरच्या बर्फाला भोक पाडून मासे धरायला गेला. पायाखालचा बर्फ फुटला. वसंतात पाणी मोकळं झालं, सगळ्यांनी शोधलं, पण तो सापडला नाही.

मे महिन्यात त्याचा धाकटा भाऊ वायनो गाडी घेऊन आला. आई रोज कोठारात जाते, त्या पंज्यावर हात ठेवून उभी राहते, जेवत नाही, शनिवारी सगळ्यांबरोबर सौनाच्या वाफेच्या अंघोळीलाही येत नाही, असं तो सांगत होता. तेवढा ठसा घालवा, म्हणजे ती माणसांत येईल.

टोयवोनं आधी डुलक्याला घेतलं. रीतच आहे ती, सुरुवात नेहमी मवाळ यंत्रानं करायची. ठसा गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो होता तिथेच होता. टोयवो म्हणाला, पॉलिशमधलं तेल खळग्यात भरलं होतं, ते उतरलं असणार. असं होतं कधीकधी.

मग त्यानं मला उतरवलं. माझी छाती फुगली! मी घासलं, त्यानं लगेच स्पिरिटनं पुसून पाहिलं. तेलाचा थेंब नाही, ठसा नाही, आरशासारखा काळा रंग. टोयवो खिम्याची पेस्टी खाऊन परत आला, तर पंजा पुन्हा तिथे. आणि मित्रांनो, आधी तिथे खळगा होता. आता मी फिरलो तर मला उंचवटा लागला.

टोयवोनं रंगाची जाडी मोजली आणि मला बाजूला ठेवलं. आणखी एकदा घासलं असतं तर अस्तरच लागलं असतं. वायनोला तो म्हणाला, "माझ्यानं नाही होणार."

तेवढ्यात दारातून रेइनोची आई आयली आत आली. बाहेर धुकं होतं, तिचा कोट ओला होता. तिनं डिकीवर हात ठेवला.

"टोयवो, तू त्याला पुसतोयस, आणि तो तुला ढकलतोय," ती म्हणाली. "हा हात वरून टेकवलेला नाही. खालून लावलाय."

"आई, चल ना घरी," वायनो म्हणाला.

तिनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "बर्फाखाली माणूस असला की काय करतात रे? वरचं फोडतात. तो जुना, जोराचा घे."

"पातळ करायला काही उरलं नाही, आयली. जळेल."

"जळू दे."

टोयवो फळीपाशी गेला. एकीकडे डुलक्या, एकीकडे मी. शेवटी त्यानं मला उचललं. जन्मभर ज्या चुकीला आम्ही भ्यालो, ती त्या दिवशी आम्ही मुद्दाम केली. एका जागी दाबून धरलं. रंग तापला, जळका वास आला. आणि मग अचानक गारठा आला, खाडीचा वास आला, आणि माझ्या चकतीवरची लोकर चिंब झाली. टोयवोनं पाण्याला हातही लावला नव्हता.

तो थांबला. काळ्या रंगात पंज्याएवढं पांढरं अस्तर उघडं पडलं होतं आणि त्यावर थेंब जमले होते. वायनोनं वर पाहिलं. छत कोरडं होतं.

आयलीनं त्या पांढऱ्यावर तळवा ठेवला. कितीतरी वेळ.

"आला," ती म्हणाली. मग वायनोकडे वळली. "चल. भूक लागलीय मला."

ठसा पुन्हा आला नाही. टोयवोनं तिथे रंग दिला नाही, कुणी द्यायला सांगितलाही नाही. जूनमध्ये जुहानुसच्या सणाची होळी सरोवराच्या काठावर पेटते, तेव्हा आयली त्याच गाडीतून येते, पांढरा डाग तसाच ठेवून.

मित्रांनो, माझं एवढं ऐका. यंत्र निवडताना आपल्या हाताची हौस पाहू नका, रंगाचा थर किती उरलाय ते पाहा. आधी मवाळ घ्या. घासून काढलेला थर परत येत नाही. आणि काम झालं की आम्हाला पुसून, वाळवून ठेवत जा.

मला त्या दिवशी कुणी पुसलं नाही. तसंच ओलं फळीवर ठेवलं. तेव्हापासून माझ्या अंगावर पुन्हा धूळ बसली, फक्त मुठीवर काही ठिकाणी बसत नाही. चार बोटांएवढी जागा आणि अर्धी करंगळी. टोयवोची सगळी बोटं धड आहेत.