पिंपळामागची वाट

“वहिनी, बाहेर या. गवंडी खोळंबलेत,” पायाच्या चरात उतरलेल्या दमयंतीला दगडू मुकादम म्हणाला.

दमयंतीने ऐकलं नाही. चर चढून ती पलीकडे गेली, पिंपळामागून वळसा घेतला आणि पुन्हा चरात उतरली. ओठांत नाम, निऱ्या चिखलाने भरलेल्या.

घरमालक तात्या छत्री टेकून उभे होते. “रघुवीर, बायकोला आवर. कुणाचा हात सुटला तर मला बोल लावू नकोस.”

रघुवीर कचेरीला निघाला होता. पगडी सावरत तो दारातूनच म्हणाला, “अगं, ऐक ना त्यांचं.” आणि निघून गेला.

आमची ही फणसवाडीतली चाळ. दमयंतीचं बिऱ्हाड आमच्या खाली, मागच्या अंगाला. स्वयंपाकघरात भर दुपारी दिवा लावावा लागे. दुसऱ्या बाळंतपणानंतर तिची हाडं ठणकू लागली, पाट घेऊन बसली की उठता येईना. वैद्य म्हणाले, “हिला ऊन पाहिजे, चालणं पाहिजे.” पण घरंदाज सुनेनं चालावं कुठे? रस्त्यावर? तेव्हा सासूने, गंगुबाईंनी, युक्ती काढली. मागच्या चौकातल्या पिंपळाला रोज प्रदक्षिणांचा नेम धरायला लावला. नुसती फिरती तर बोभाटा झाला असता. देवाचं म्हटल्यावर पुरुषसुद्धा बाजूला होत. दसऱ्यापर्यंत ती पाण्याची भरली कळशी कमरेवर आणू लागली. नेम देवासाठी करतात हे खरं, पण देव पायांनाही पावतो, हे मी तिच्यात पाहिलं.

मग प्लेगच्या, गाठीच्या साथीत मुंबई सोडून पळालेली माणसं परतली, जागा मिळेनाशी झाली, आणि तात्यांनी चौकात खोल्या बांधायला काढल्या. पिंपळ तोडायचं पाप कोण घेणार? त्यांनी पिंपळ ठेवला, आणि भिंत थेट बुंध्याला भिडवायची ठरवली.

“झाडाला मी बोट तरी लावलंय का?” त्या दिवशी चराकाठी छत्री टेकून तात्या म्हणाले. “तीन बाजू मोकळ्या आहेत. सोमसूत्री घाला. महादेवाला नाही का, पन्हळीपर्यंत जायचं आणि परत फिरायचं?”

गंगुबाई ओट्यावर आल्या. “महादेवाची रीत पिंपळाला? विष्णू आहे तो.”

“काकू, शेंड्यावर शिव असतो म्हणतात.”

“मग शेंड्यावर बांध मेल्या तुझ्या खोल्या!”

गवंडी हसले. तात्यांचा चेहरा काळवंडला. ते हसू आम्हाला महाग पडलं.

दुसऱ्या दिवशी भिंत मांडीएवढी झाली. दमयंती त्यावर चढून पलीकडे उतरू लागली तसे तात्या धावत आले आणि त्यांनी तिला दोन्ही हातांनी ढकललं. ती पडली, आणि ओल्या चुन्यातला वरचा दगड तिच्या नडगीवर आला. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज मला वरच्या गॅलरीत ऐकू आला.

गंगुबाई वरवंटा घेऊनच धावल्या. पहिला घाव तात्यांच्या कपाळावर बसला, दुसरा दातांवर. तात्यांच्या दोघा माणसांनी म्हातारीला धरून भिंतीवर आपटलं, पोटात लाथ घातली. दगडू मध्ये पडला, “म्हातारी हाय, मरंल की!” तर त्याच्याही पाठीत फावडं बसलं. आम्ही बायकांनी वरून उकळतं पाणी ओतलं तेव्हा ते हटले. चुन्यात रक्त मिसळून गुलाबी चिखल झाला होता.

शिपाई आला. तात्यांनी तोंडाला पंचा धरून सांगितलं, “बाई भिंतीवरून घसरली.” कचेरीतून बोलावून आणलेल्या रघुवीरने बायकोकडे पाहिलं, घराकडे पाहिलं, आणि मान हलवली. “होय. घसरली.”

भिंत छपरापर्यंत गेली. दमयंतीचा पाय हाडवैद्याने बांधला तो आखूडच बसला. खोलीत उरलासुरला उजेडही येईना. तिची हाडं पुन्हा ठणकू लागली. रात्री ती विव्हळे आणि रघुवीर कानावर पांघरूण ओढून घेई.

माघातल्या एका सकाळी गंगुबाईंनी सुनेला उठवलं. “नेस. पायांत माझ्या वहाणा घाल.”

“कुठे, सासूबाई?”

“रस्त्याने.”

रघुवीर दारात आडवा झाला. “आई, वेड लागलंय? तू अशी बोडकी, ही लंगडी! दिवसाढवळ्या, काम नाही, देऊळ नाही. लोक काय म्हणतील?”

“घसरल्या म्हणतील,” गंगुबाई म्हणाल्या, आणि त्याच्या तोंडात अशी ठेवून दिली की तो उंबऱ्यावर बसला.

दोघी गिरगावच्या रस्त्याला लागल्या. मी शाल घेऊन मागे निघाले. उजव्या हाताला दुकानांची ओळ होती. विड्या ओढणारी टोळकी वाटच पाहत असल्यासारखी ओरडली.

“आजीबाई, सुनेला विकायला काढलीत का?”

“लंगडी आहे रे, दर कमी असेल!”

आधी शेण आलं. मग नारळाची करवंटी. मग दगड. तो गंगुबाईंच्या उजव्या कानामागे बसला. त्या जागीच डुलल्या, पण सुनेचा दंड सोडला नाही. मी पुढे होऊन सावरायला गेले, तर म्हणाल्या, “तू तिला धर. मला काही झालं नाही.” लाल अलवणाच्या पदरावर रक्त दिसत नव्हतं, मानेवरून ओघळताना तेवढं दिसत होतं.

“परत जाऊ या,” दमयंती रडत म्हणाली.

गंगुबाईंनी डावीकडून येणाऱ्या उन्हाकडे पाहिलं. मग सुनेकडे. डाव्या बाजूला आपण चालतो आहोत, आपली सावली हिच्या अंगावर पडते आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्या मागून वळून तिच्या उजव्या अंगाला, दुकानांच्या बाजूला झाल्या.

“हं,” त्या म्हणाल्या, “चल आता.”