उजव्या चेंबरमधली घरघर

१८ मे २०२५, रविवार. सकाळी आठलाच ऊन चटके देत होतं. वारा नाही. दुपारनंतर ढग आले आणि न बरसता गेले.

मी एका जुन्या मोटारसायकलच्या इंजिनाचा उजवा चेंबर बोलतोय. इंजिनाच्या पोटातली फिरती यंत्रणा अॅल्युमिनियमच्या दोन कवचांमध्ये बंद असते. त्या कवचांना मेकॅनिक लोक चेंबर म्हणतात. कारखान्यात मला आणि डाव्याला एकत्र आवळूनच भोकं पाडली, त्यामुळे आमची जोडी तेव्हाच ठरली. दुसऱ्या इंजिनाचा डावा मला चालत नाही, आणि माझ्या जागी नवा उजवा आता कुठे मिळतही नाही.

आमची गाडी बापूजींनी घेतली. धरमपेठेतून खापरखेड्याच्या वीजकेंद्रात ते तिच्यावरून ड्युटीला जात. तिथे त्यांचं काम ऐकण्याचं होतं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालत्या मशीनला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडावर दाबायची आणि कुठलं बेअरिंग बिघडतंय ते सांगायचं. सुटीच्या दिवशी तोच स्क्रूड्रायव्हर मला टेकत असे. माणसं एकमेकांचं इतकं लक्ष देऊन ऐकताना मी पाहिलेली नाहीत.

वीजकेंद्रातल्या त्या गोंगाटानंच पुढे त्यांचे कान गेले. कुकरची शिट्टी गेली, दारावरची बेल गेली, मुलाची हाक गेली. कानात घालायचं यंत्र आणलं, ते कपाटात पडून आहे.

इकडे मीही झिजलो. माझ्यात एक गोल खोबण आहे. तिच्यात बेअरिंग घट्ट बसलेलं असतं. खोबण झिजली आणि आख्खं बेअरिंग आतल्या आत फिरू लागलं. त्याला पकड मिळावी म्हणून बापूजींनी एकदा पंच आणि हातोडी घेऊन खोबणीत गोल ठिपके ठोकले. बरीच वर्षं भागलं. मग ठिपकेही झिजले आणि माझ्या बाजूनं घरघर सुरू झाली.

ही घरघर बापूजींना ऐकू येते. इंजिनाची बाकी धडधड त्यांच्या हाताला लागते, पण कानापर्यंत पोचत नाही. घरघर मात्र स्क्रूड्रायव्हरमधून थेट हाडात उतरते. दर रविवारी त्यांचा मुलगा गिरिधर गाडी चालू करायचा आणि बापूजी स्टुलावर बसून, डोळे मिटून ऐकायचे. त्यांच्या पत्नी यमुताई चहा घेऊन यायच्या आणि तो थंड होईपर्यंत दारातच उभ्या राहायच्या.

गेल्या महिन्यात तेल बदलताना गिरिधरला तेलात चकाकणारा चुरा दिसला. त्यानं इंजिन खोललं आणि आम्हा दोघांना लकडगंजात ओमप्रकाशच्या लेथवर, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावर, नेलं. बापूजीही सोबत आले. ओमप्रकाशनं माझ्या खोबणीतून बोट फिरवलं.

"ह्या टिकल्या कोन्या शाहन्यानं लावल्या गा?"

गिरिधर खाली बघू लागला. बापूजींना शब्द कळले नाहीत, पण बोट कुठे आहे ते दिसलं.

"मी!" ते म्हणाले, बहिरी माणसं बोलतात तसं मोठ्यानं. शेजारच्या दुकानातली माणसंही वळून पाहू लागली.

ओमप्रकाश हसला. "मंग बरोबरच असन, इतके वर्षं चाललं ना! पण आता नाही चालत, गिरिधरभाऊ. खोबण मोठी करून आत लोखंडी बुश, म्हंजे कडं, बसवा लागन. नाही तं एक दिवस बेअरिंग चेंबर फाडून बाहेर येईन."

"मोठी करताना फुटला तर?"

"इथं भिंत पातळ झाली हाय. फुटू शकते. मी ग्यारंटी नाही देत."

गिरिधरनं आम्हाला तसंच घरी आणलं आणि व्हरांड्यात वर्तमानपत्रावर ठेवलं.

"राहू दे ना गा," यमुताई म्हणाल्या. "त्यायले एवढं एक तं ऐकू येऊन राहिलं. तुले काय गाडी रेसमध्ये पळवाची हाय?"

"आई, त्यांना ऐकू येतो तो बिघाड आहे. दुरुस्त केला की तो आवाजच जाईल."

"तेच तं म्हणून राहिली मी! काहून करतं मंग?"

"नाही केला तर चेंबर फुटेल. मग गाडीच संपली."

"आज तं नाही ना फुटत!"

यमुताईंचे ओठ बापूजींना वाचता येतात. इतक्या वर्षांच्या भांडणांनी तो सराव करून दिला आहे. त्यांनी मला मांडीवर घेतलं आणि ठिपक्यांवरून अंगठा फिरवला.

"अशी घरघर ऐकून मी ड्युटीवर मशीन चालू ठेवली असती," ते म्हणाले, "तं साहेबानं मले त्याच दिवशी घरी पाठवलं असतं. उद्या लेथवर दे गा."

"अन् मंग तुम्ही काय ऐकसान?" यमुताईंनी सावकाश, एकेक शब्द दाखवत विचारलं.

"तुयं भांडण दिसते मले. तेवढं पुरे हाय."

यमुताई आत निघून गेल्या.

ओमप्रकाशनं मला डाव्याशी आवळून लेथवर चढवलं. ठिपके कातले गेले आणि त्यांचा कीस खाली पडला. भिंत टिकली आणि आत बुश बसला. गुरुवारी गिरिधरनं मला गॅसवर, पोळ्यांच्या तव्यावर ठेवून तापवलं. यमुताईंनी नाकाला पदर लावला. "आता ऑइलच्या पोळ्या खा सारे!" नवं बेअरिंग फ्रीजरमध्ये आमरसाच्या डब्याशेजारी होतं. माझ्यावर टाकलेला पाण्याचा थेंब नाचला, तेव्हा गिरिधरनं ते गार बेअरिंग खोबणीवर धरून सोडलं. हातोडी लागली नाही. आपसूक आत बसलं.

तुमच्याही घरात एखादं जुनं यंत्र कुरकुरत असेल. दुरुस्त जरूर करा. आधी ती कुरकुर कोण ऐकतं तेवढं बघून घ्या, एवढंच माझं सांगणं.

आज सकाळी इंजिन दुसऱ्या किकला चालू झालं. सांध्यावर तेल दिसलं नाही. बापूजींनी स्क्रूड्रायव्हर माझ्यावर टेकवला, मग डाव्यावर, मग पुन्हा माझ्यावर. मूठ हाडावर दाबून ते बराच वेळ बसले.

"काही नाही," ते म्हणाले. "काम चांगलं झालं."

गिरिधरनं इंजिन बंद केलं. घरघर गेली आहे. बापूजींना आता काही ऐकू येत नाही.