अट्रॅक्टा हसली ते पान

त्या मंगळवारी मॅलकीने मला कोटाच्या आत छातीशी धरून आणले. एरवी मी त्याच्या बायकोच्या, अट्रॅक्टाच्या पिशवीतून यायची आणि तो बाहेर गाडीत थांबायचा. त्या संध्याकाळी तो पहिल्यांदाच त्या खोलीत शिरला. चहा तयार होता. अट्रॅक्टाच्या खुर्चीपुढे तिचा कपही मांडून ठेवला होता.

"अरे वा, मॅलकी! आज चक्क आत?" फिंटन म्हणाला. "आणि बाईसाहेब कुठायत?"

"पहाटे वारली रे ती. झोपेतच. मी चहा घेऊन गेलो, तर..."

ऊनाने त्याचा हात धरला. त्याने तो सोडवून घेतला आणि मला टेबलावर ठेवले.

"मला एवढंच सांगा," तो म्हणाला, "मागच्या मंगळवारी ती कशाला हसली?"

मित्रांनो, मी एक जुनी, जाडजूड कादंबरी आहे. माझी पाने दोऱ्याने शिवलेली आहेत. पण माझ्यात काय लिहिले आहे, ते मलाही नीट कळत नाही. मला लिहिणाऱ्याने निरनिराळ्या भाषांचे तुकडे जोडून शब्द केले. एका शब्दात दोन-तीन शब्द लपवले. डब्लिनमध्ये लिफी नदीकाठच्या एका दुकानात मी कितीतरी वर्षे पडून होते. लोक मला कौतुकाने विकत न्यायचे आणि चार पाने वाचून परत आणून टाकायचे. एका घरात तर खिडकी आपटू नये म्हणून मला फटीत अडकवले होते. माझी एक कड अजून फुगलेली आहे.

तिथून अट्रॅक्टाने मला उचलले. तिने मला पुसले आणि चर्चच्या सभागृहामागच्या या खोलीत आणले. इथे काही माणसे दर मंगळवारी याच कादंबरीची आपापली प्रत उघडून बसायची. ऊना पूर्वी शिक्षिका होती, फिंटन कोर्टात कारकून होता. ते एका वेळी एकच पान वाचायचे. मोठ्याने वाचायचे, भांडायचे, मनुका घातलेला पाव खायचे आणि पुन्हा वाचायचे. मित्रांनो, माझ्यावर एवढे प्रेम कुणी केले नव्हते.

त्यांचा एक नियम होता. वाचताना कुणाला एखाद्या जागेची गंमत कळली आणि हसू आले, तर त्याने लगेच सांगायचे नाही. बाकीच्यांना आठवडाभर डोके खाजवू द्यायचे. पुढच्या मंगळवारी हसणाऱ्याने सांगायचे आणि मगच पान उलटायचे. सगळ्यांना हा नियम फार आवडायचा. अट्रॅक्टाला सर्वांत जास्त.

वारली त्याच्या आदल्या मंगळवारी ती एकटीच हसली होती. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

"घरी पोचेपर्यंत हसत होती," मॅलकी म्हणाला. "मी विचारलं, तर म्हणाली, आता नाही, मंगळवारी सांगेन. मी म्हटलं, बरं."



तिला पुरल्यानंतरच्या मंगळवारी मॅलकी पुन्हा आला आणि तिच्या खुर्चीत बसला. सगळा जन्म त्याने बस चालवली होती. माझ्यासारखे पुस्तक कधी हातात धरले नव्हते. त्या पानावर एक लांबलचक शब्द आहे. ती त्यालाच हसली असणार, असे सगळ्यांना वाटले. फिंटनने सांगितले की शब्दाच्या सुरुवातीला लॅटिनमधला पाव आहे. ऊनाला मधोमध आयरिश भाषेतले तळे सापडले. शेवट ही नुसती शिंक आहे, यावर दोघांचे एकमत झाले.

"पाव, तळं आणि शिंक," मॅलकी म्हणाला. "यात हसण्यासारखं काय आहे?"

"मॅलकीबुवा, हे काही बस चालवण्याइतकं सोपं नाही," फिंटन म्हणाला.

"बसवर निदान पाटी असते रे, कुठे चाललीय त्याची!"

सगळे हसले. तो हसला नाही.

मग तो मला घेऊन दारोदार फिरला. खाटकाच्या दुकानातल्या पोलिश बाईला त्याने तो शब्द दाखवला. तिला त्यात तिच्या भाषेतला कांदा दिसला. त्याने पाद्रीबाबांना विचारले, दवाखान्यातल्या नर्सला विचारले. स्वयंपाकघरात बसून तो ती ओळ मोठ्याने वाचायचा. हळू वाचायचा, भरभर वाचायचा, तिच्या आवाजात वाचून पाहायचा. चहा माझ्यावर सांडला, शिवण उसवली. आता मला कुठूनही उघडा, मी त्याच पानावर पडते.

हिवाळा गेला. मंडळी अजून त्याच पानावर होती. काही जण यायचे बंद झाले.

"मॅलकी, आता पान उलटू या," एकदा ऊना हळूच म्हणाली.

"थांबा. मला कळलं," तो म्हणाला आणि हसू लागला. तो आवाज ऐकवत नव्हता. ऊनाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा तो थांबला.

"नाही कळलं," तो म्हणाला. "अगं ऊना, मला काहीच कळत नाही. पान उलटलं तर ती कशाला हसली ते कायमचंच जाईल."

ऊनाने खिडकीकडे पाहिले. मग म्हणाली, "मॅलकी, ही खुर्ची खिडकीशी आहे. इथून तुझी गाडी दिसते. तू तोंड उघडं टाकून झोपायचास. आम्ही सगळ्यांनी पाहिलंय."

"म्हणजे ती मला हसली?"

"मला माहीत नाही रे. असेल, नसेल."

त्याने माझ्याकडे पाहिले. मित्रांनो, मला वाचा असती तरी मी काय सांगणार होते? ती हसली तेव्हा मी तिच्या मांडीवर उघडी होते. मांडीवरच्या पुस्तकाला फक्त वाचणाऱ्याची हनुवटी दिसते. तिची नजर माझ्यावर होती की खिडकीबाहेर, ते मला दिसले नाही.

मॅलकी खिडकीकडे वळला. बाहेर दिव्याच्या खांबाशी त्याची गाडी उभी होती. आत कुणी नव्हते.

मित्रांनो, पुस्तके जपा, त्यांना खिडकीच्या फटीत घालू नका, असे सांगायला मी बोलायला लागले होते. तेही कराच. पण तुमच्या घरातले कुणी एकटेच हसले, तर त्याच वेळी विचारा. 'मंगळवारी सांगेन' म्हणाले, तर ऐकू नका. हट्ट धरा.

मंडळींनी आपापल्या प्रतींची पाने उलटली. आता ती पुष्कळ पुढे गेली आहेत. मॅलकी अजूनही दर मंगळवारी मला घेऊन येतो, त्या खुर्चीत बसतो आणि मला मांडीवर उघडतो.

माझे पान अजून उलटायचे राहिले आहे.