लॉलीपॉपचे रिकामे पाकीट

शाळेतला व्हॅलेंटाइनचा समारंभ शुक्रवारी दुपारी दोनला होता. गुरुवारी पावणेचारला सात वर्षांची जोसी आणि तिचे आजोबा व्हर्लिन दुकानात कार्डांच्या फळीसमोर उभे होते आणि फळी जवळजवळ मोकळी झाली होती. हृदये संपली होती, मांजरे संपली होती. बत्तीस डायनासोरांचा एक डबा उरला होता आणि कोपरा चेपलेला एक ट्रॅक्टरचा.

उशीर आजोबांमुळे झाला होता. जोसीची आई नर्स, तिची आठवडाभर दुहेरी पाळी चालू होती. सोमवारीच तिने वर्गाची यादी त्यांच्या हातात दिली होती. त्यांनी ती फ्रिजवर लोहचुंबकाखाली नीट लावली आणि काम झाले असे समजून तीन दिवस शांत झोपले.

यादीत जोसी धरून बावीस मुले होती. कार्ड द्यायचे तर सगळ्यांना, एकालाही वगळायचे नाही, असे प्रुइट बाईंनी खाली लिहिले होते. खाऊ दिला तर बंद वेष्टणातला हवा, त्यात शेंगदाणा नको, आणि मोठ्या पाकिटावरचा घटकांचा छापील तुकडा कापून सोबत पाठवायचा. तुकडा नसेल तर खाऊ कपाटावर जाणार आणि तिथून परत घरी.

शेंगदाण्याचा नियम एमेटसाठी होता. गेल्या वर्षी पहिलीत बहुतेक आयांनी इतरांना चॉकलेट दिले आणि धोका नको म्हणून एमेटला पेन्सिल. समारंभ संपला तेव्हा त्याच्याकडे सतरा पेन्सिली जमल्या होत्या. त्यातली एक जोसीची होती. गेल्या आठवड्यात शाळेच्या बसमध्ये त्याने तिला तो आकडा सांगितला, तक्रार म्हणून नव्हे, नुसता सांगितला. जोसीने तिथल्या तिथे शब्द दिला की या वर्षी माझ्याकडून जे सगळ्यांना मिळेल तेच तुला मिळेल, आणि ते गोड असेल.

म्हणून डायनासोर उचलायला तिला अर्धे मिनिट लागले आणि खाऊ निवडायला पाऊण तास.

आजोबांचा चष्मा घरी राहिला होता. मांजराच्या शीसाठीच्या वाळूची गोणी घेऊन चाललेल्या एका बाईंचा त्यांनी दोन मिनिटांसाठी उसना घेतला. तो नाकाच्या टोकावर ठेवून ते एकेक पाकीट वाचत गेले. चॉकलेटच्या हृदयांत शेंगदाण्याचा अंश असू शकत होता. कॅरमेलमध्ये असू शकत होता. गुलाबी साखरेच्या गोळ्या जिथे बनत तिथेच शेंगदाणेही भाजत. वाळूवाल्या बाई स्वतःच्या चष्म्यासाठी ताटकळत उभ्या होत्या, शेवटी त्याही शोधायला लागल्या. हिरवे पाकीट त्यांनाच सापडले. लॉलीपॉप, शेंगदाणे नाहीत, सुकामेवा नाही, असे चौकटीत छापलेले. जोसीने ते स्वतः दोनदा वाचले. फळीवर तसे आणखी एक पाकीट होते, पण एकात तीस होते आणि तिला एकवीसच हवे होते.

घरी जेवणाच्या टेबलावर काम सुरू झाले. आजोबा चिकटपट्टी फाडत होते, जोसी नाव लिहून लॉलीपॉप चिकटवत होती. खरा वेळ लागत होता तो कोणाला कोणते कार्ड याला. डायनासोर आठ प्रकारचे होते. सात प्रकार निरुपद्रवी. आठव्यावर लांब मानेचा डायनासोर विचारत होता, "माझा होशील?" आणि तशी चार कार्डे होती. ती मुलग्यांना द्यायची नाहीत, हे जोसीने आधीच ठरवले होते. गेल्या वर्षी ब्रोडीने तसले एक खरे मानले होते आणि मार्चपर्यंत तो तिच्यामागे फिरत होता.

"एखादं मला द्या की, बाईसाहेब," आजोबा म्हणाले.

"तुम्ही यादीत नाही," जोसी म्हणाली.

साडेपाचला एकविसावे कार्ड झाले. आजोबांनी उरलेले नऊ लॉलीपॉप वाटीत काढले आणि टेबल आवरले. कागदाची कात्रणे, चिकटपट्टीची रिकामी चाके, पडलेला कचरा सगळा गोळा करून हॉलमधल्या लोखंडी शेगडीत टाकले. हिवाळाभर ते असेच करत. घरात कागद पडला की शेगडीत. जोसी स्वयंपाकघरातून कात्री घेऊन आली तेव्हा प्लॅस्टिकचा वास सुटला होता.

तिने टेबलाकडे पाहिले, मग शेगडीकडे.

"आजोबा, हिरवं पाकीट कुठे आहे?"

आजोबांनी शेगडीचे दार उघडले आणि पुन्हा लावले. दाखवण्यासारखे काही उरले नव्हते.

जोसी रडली नाही. तुकड्याशिवाय सगळे लॉलीपॉप उद्या कपाटावर जातील, एवढेच ती म्हणाली. एमेटची जागा खिडकीजवळ आहे, तिथून कपाट अगदी समोर दिसते, असेही म्हणाली. आजोबा तोपर्यंत बूट घालत होते.

बाहेर बर्फ पडत होता. ट्रक तीनदा घसरला आणि तिन्ही वेळा आजोबांनी ते मुद्दामच केल्याचे सांगितले. दुकानात खाऊच्या फळीवर हिरव्या पाकिटाची जागा रिकामी होती. उरलेले ते पाकीट त्यांना दोन रांगा पलीकडे दिसले, एका ट्रॉलीत, पावावर ठेवलेले. ट्रॉली कार्लाची होती. कार्ला म्हणजे एमेटची आई.

जोसी खाली बसली आणि सुपाच्या डब्यांच्या मनोऱ्याआड सरकली. एमेट जवळपासच असणार आणि काय देणार ते त्याला आज कळायला नको होते. तिने आजोबांना कोटाला धरून पुढे ढकलले.

आजोबांनी टोपी काढली. "कार्ला, तुझ्या त्या लॉलीपॉपचं पाकीट मला देशील का? लॉलीपॉप तूच ठेव. मला फक्त पाकीट हवंय."

"व्हर्लिन, तुम्ही बरे आहात ना?"

"कालपर्यंत होतो."

कार्लाने सांगितले की हे पाकीट एमेटसाठी आहे. दरवर्षी समारंभाच्या दिवशी ती त्याच्या दप्तरात त्याचा स्वतःचा खाऊ देते, वर्गात इतर खात असताना त्यालाही काहीतरी असावे म्हणून. आजोबा म्हणाले, "उद्या त्याला लागणार नाही बहुतेक. जास्त विचारू नकोस, सुपाआड एक बाई बसल्यात, त्या माझी नोकरी घालवतील."

मनोऱ्यावरून एक गुलाबी लोकरी गोंडा दिसत होता. कार्ला त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने पाकीट फाडले, तीसच्या तीस लॉलीपॉप आपल्या पर्समध्ये ओतले आणि रिकामे पाकीट घडी घालून आजोबांच्या हातात दिले. पर्सची चेन लागेना. गल्ल्यावरच्या मुलीने पाकीट यंत्राखाली धरून विचारले, यात काही नाही, माहीत आहे ना? दोघे एकदम म्हणाले, असंच हवंय. मग कार्लाला हसू आवरेना आणि पर्समधून तीन लॉलीपॉप जमिनीवर पडले.

तेवढ्यात एमेट आला. त्याच्या हातात चार पेन्सिलींचा संच होता. आजोबांना पाहून त्याने तो पाठीमागे लपवला.

"तुम्ही काही पाहिलं नाही," तो म्हणाला.

"माझ्याकडे चष्माच नाही," आजोबा म्हणाले, आणि हे खरे होते.

शुक्रवारी तीन वाजता आजोबा शाळेच्या दारात ट्रक लावून बसले. जोसी बुटांचा खोका काखोटीला मारून पळत आली. खोक्याला पत्रपेटीसारखी फट पाडलेली होती आणि तो कार्डांनी फुगला होता. पट्टा लावायच्या आतच तिने सगळे सांगून टाकले. प्रुइट बाईंनी हिरवा तुकडा भिंग लावून वाचला आणि फळ्यावर टाचला. एमेटने लॉलीपॉप कार्डावरून कागदासकट ओढून काढला आणि घंटा होईपर्यंत तोंडातून बाहेर काढला नाही. बाईंनी त्याला प्रश्न विचारला तेव्हा त्याने नुसती मान हलवली. ब्रोडीला ट्रायसेरॅटॉप्स मिळाला आणि तो कोणाच्याही मागे फिरला नाही.

"आणि एमेटने काय दिलं?" आजोबांनी विचारले.

जोसीने खोक्यातून पेन्सिल काढली. एमेटने वर्गातल्या सगळ्यांना पेन्सिल दिली होती. सतरा त्याच्याकडच्या आणि चार नव्या, एकवीस. जोसीला मिळालेली पिवळी होती. तिच्या मागच्या टोकाला दाताच्या खुणा होत्या, मध्ये एका पडलेल्या दाताची फट सोडून. खुणा जोसीच्याच होत्या. गेल्या वर्षी ती पेन्सिल देण्याआधी तिने ती चावली होती.

आजोबांनी ती उजेडात धरून पाहिली आणि हसत परत दिली. जोसीने ती कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आणि वरून बटण लावले.

"आजोबा," ती म्हणाली, "घरी गेल्यावर आज टेबल मी आवरणार. तुम्ही शेगडीजवळ जायचं नाही."