मी बंद पडत नसते

मी दोन सीटांची लाल गाडी बोलतेय. ऐकायचं तर उभ्यानेच ऐका, तिसऱ्याला बसायला माझ्यात जागा नाही. आणि आधीच सांगून ठेवते, ‘बिचारी म्हातारी’ म्हणत जवळ येणार असाल तर आल्या पावली परत जा. सदतीस वर्षांची आहे मी. माझ्यामागून आलेल्या कितीतरी गाड्यांचा पत्रा कधीच भंगारात गेला, मी अजून चढ तिसऱ्या गिअरमध्ये चढते.

माझा जन्म कारखान्यातला. पट्ट्यावरून पुढे सरकत होते, कोणी दार लावत होतं, कोणी चाक. इंजिन बसवणारा कामगार मात्र माझ्या चांगला लक्षात आहे. बोल्ट पुरता आवळला की तो त्यावर रंगाचा पिवळा ठिपका द्यायचा. ठिपका नाही तर बोल्ट पक्का नाही, असा त्याचा हिशेब. इतकं साधं काम, पण पुढे मला भेटलेल्या भल्याभल्यांना ते जमलं नाही.

पहिला मालक एकटा जीव होता, मग दुकटा झाला, मग घरात पाळणा हलला आणि माझी पंचाईत झाली. बाळाला काय डिकीत बसवणार? मला दातांच्या डॉक्टरांकडे धाडलं. हे गृहस्थ येणाऱ्या प्रत्येकाला बजावायचे, ‘दिवसातून दोनदा घासा, नाहीतर किडतील.’ आणि माझं इंजिन ऑइल त्यांनी चार वर्षं बदललं नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पाहुणे आले की माझ्यावरचं कापड काढायचे, पाहुणे गेले की पुन्हा झाकायचे. तशात माझं कापडी छप्पर फाटलं, आणि त्यामुळेच माझं नशीब उघडलं.

छप्पर शिवायला म्हणून मला टाचणीबाईंच्या दारात नेलं. बाई कपडे शिवतात. तोंडात कायम दोन-चार टाचण्या, म्हणून अख्खी गल्ली त्यांना टाचणीबाई म्हणते. पुढच्या खोलीत त्यांचं मशीन, मागे पत्र्याची शेड. छप्पर शिवायला त्यांना आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत त्या माझ्याभोवती इतक्या घुटमळल्या, की डॉक्टर न्यायला आले तेव्हा म्हणाल्या, “छप्पर माझं, तर खालची गाडीही मलाच द्या.” डॉक्टरांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मीसुद्धा.

बाईंचा थोरला भाऊ गॅरेजवाला. दादा. साहजिकच पहिली सर्व्हिसिंग त्याच्याकडे झाली. परत आले तेव्हा एका बोल्टचा आटा गेलेला आणि बॅटरीवर कोणाचा तरी फडका विसरलेला. बाईंनी विचारलं तर दादा म्हणतो, “गाडीच जुनी आहे, त्याला मी काय करू?” नाचता येईना अंगण वाकडं! बाईंनी फडका त्याच्या हातात दिला आणि घरी येऊन पान्यांचा सेट मागवला. आपला हात जगन्नाथ.

तेव्हापासून माझं सगळं त्याच करतात. ऑइल, फिल्टर, प्लग, ब्रेकचं तेल, पट्टा. काढलेला प्रत्येक स्क्रू त्या पुठ्ठ्यावर टोचून ठेवतात, शेजारी शिवणाच्या खडूने तो कुठला ते लिहितात. आणि काम शिवणकामाच्याच पद्धतीने करतात. आधी सगळीकडे कच्चा टाका, म्हणजे बोल्ट नुसते बोटांनी फिरवून बसवायचे. मग पान्याने पक्की शिलाई. हात काळे होतात, म्हणून पांढरं कापड शिवायच्या दिवशी मला हात लावत नाहीत. शेवटी कपडा आधी, गाडी नंतर. मला राग नाही त्याचा.

दादाला मात्र राग होता. एका गिऱ्हाइकाला माझं इंजिन आणि दारं हवी होती, सुटी. गेल्या महिन्यात तो शेडमध्ये येऊन उभा राहिला.

“दे ना ती. तुझ्याच्याने हे होणार नाही. तू आपली पँटांच्या चेन बसव.”

“चेन बसवते म्हणूनच बोल्ट बसवता येतात,” बाई म्हणाल्या.

“मग आईकडे जाऊन दाखव. घाट चढून, गाडी न ढकलता. वाटेत बंद पडली तर किल्ली माझी.”

“आणि नाही पडली तर पुन्हा विषय काढायचा नाहीस.”

“कबूल. मी शेजारी बसून येणार.”

म्हणजे बघा, माझी दारं कोणाच्या तरी अंगाला लागणार की माझ्याच राहणार, हे एका घाटावर येऊन ठेपलं. मला भीती नव्हती वाटली म्हणाल तर खोटं ठरेल. पण मी घाबरून खोकणाऱ्यातली नाही.

आदल्या दिवशी सकाळी बाईंनी ऑइल बदलायला घेतलं. मला लोखंडी स्टँडवर चढवलं, माझ्या पोटाखालच्या तेलाच्या डब्याचा, गॅरेजवाले ज्याला चेंबर म्हणतात त्याचा बोल्ट काढला. काळं तेल गळून गेलं. नवा वायसर घातला, बोल्ट बोटांनी फिरवला. कच्चा टाका. तेवढ्यात पुढच्या दाराची घंटी वाजली. कोणी कोट घालून बाह्या बघायला आलं होतं. बाई हात पुसत गेल्या, अर्ध्या तासाने आल्या, नवं ऑइल ओतलं, मला खाली उतरवलं. पान्याची पाळी आलीच नाही. मी ओरडून ओरडून सांगत होते, पण बंद गाडीचं ऐकतं कोण?

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. दादा हाताची घडी घालून शेजारी. घाटाच्या निम्म्यावर बोल्ट आट्यांवरून उतरायला लागला. तेल थेंबाथेंबाने, मग धारेने रस्त्यावर. मला बोलता येत नाही, पण एक दिवा आहे, तेलाचा, लाल. तो मी लावला.

“काही नाही, जुने दिवे खोटं बोलतात,” दादा म्हणाला. “चालव पुढे.”

बाईंनी क्षणभर दादाकडे पाहिलं, मग दिव्याकडे. आणि त्यांनी विश्वास माझ्यावर ठेवला. गाडी कडेला घेतली, किल्ली फिरवली, इंजिन बंद. मागच्यांनी हॉर्न वाजवून कान किटवले. दादाच्या चेहऱ्यावर मात्र दिवाळीच.

“झालं? दे किल्ली.”

बाई चांगल्या कपड्यांत रस्त्यावर आडव्या झाल्या आणि माझ्याखाली डोकावून बघितलं. बोल्ट शेवटच्या दोन आट्यांवर लोंबत होता. उठून त्या आधी म्हणाल्या, “चूक माझी. कच्चा टाका घातला आणि पक्की शिलाई विसरले.”

“मग किल्ली?”

“काय ठरलं होतं आपलं?”

“वाटेत बंद पडली तर.”

“ही कुठे पडली?” बाई म्हणाल्या. “हिने सांगितलं, मी केली. तुझं ऐकलं असतं तर पडली असती. इंजिनासकट.”

बाईंनी मी निवेपर्यंत वाट पाहिली, कडेने हात घालून बोल्ट पान्याने आवळला, डिकीतल्या जादा कॅनमधून तेल ओतलं, तेलात बुडालेली पट्टी काढून पातळी बघितली. किल्ली फिरवली. मी पहिल्या सेल्फला उठले, दिवा विझला, आणि राहिलेला घाट मी तिसऱ्यात चढले. मुद्दाम.

आई फाटकाशी उभी होती. बाईंच्या कोपरापर्यंत काळ्या झालेल्या हाताकडे, मग माझ्याकडे तिने पाहिलं.

“हीच का ती? मला फिरवून आण बघू.”

दोनच सीटा. दादाला उतरावं लागलं.

आता माझ्या अंगावरच्या प्रत्येक बोल्टवर, पक्का आवळून झाल्यावर, बाई शिवणाच्या खडूची पांढरी रेघ ओढतात. ती रेघ बघितली की मला कारखान्यातला पिवळा ठिपका आठवतो. घंटी वाजली तरी रेघ ओढल्याशिवाय त्या उठत नाहीत. गिऱ्हाईक थांबतं.

तेव्हा कोणाच्या शेडमध्ये माझ्यासारखी उभी असेल, तर तिच्यावर दया दाखवू नका, कापडही घालू नका. पाना घेऊन या, हात काळे करा, आणि तिचा लाल दिवा लागला तर शेजारच्याचं न ऐकता तिचं ऐका. एवढंच सांगायचं होतं. आता बाजूला व्हा, आई माझं दार उघडतेय, तिला फिरवून आणायला आम्हाला निघायचंय.