आफियाची गोष्ट

सीरियातल्या होम्स शहरच्या लोकांत, कोणी काम करताना दिसलं की ‘देव तुला आफिया देवो’ म्हणायची रीत. त्यांच्याकडे आफिया म्हणजे आरोग्य. आमच्या मोरोक्कोत आफिया म्हणजे आग! माझा नवरा गल्लीची रोट्यांची भट्टी चालवतो. वरच्या मजल्यावरचं सीरियन कुटुंब त्याला रोज सकाळी आग देतं, आणि तो म्हणतो, “दिलीय की! म्हणून तर तुमच्या रोट्या भाजतायत.”

पण नर्सिंगच्या तोंडी परीक्षेत असली थट्टा कोण चालवून घेणार? त्या कुटुंबातली मुलगी रवांद लेखी पास झाली, तेव्हाच मी तिला बजावलं, “बाकी काहीही बोल. तो शब्द तेवढा गिळून टाक.”

“गिळला, मावशी.”

“वरून पाणी पी.”

जागा थोड्या, परीक्षक बाई खडूस. इथे जमलं नाही तर पोरगी कापड कारखान्यात शिलाईला जाणार, हे घरी ठरलेलंच होतं. मी आणि तिची आई सौसन बाहेर बाकावर कान टवकारून बसलो. दार अर्धवट उघडं होतं. उत्तरं अगदी चोख चालली होती. शेवटी बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले, आणि ही कार्टी पटकन म्हणाली, “देव तुम्हाला आफिया देवो, मॅडम.”

मी कपाळावर हात मारला. सौसन मात्र खुशीत. “बघ, किती गोड बोलली!”

आतून बाईंचा आवाज चढला.

“मला जाळायला निघालीस? म्हणायचंय काय तुला?”

“आमच्याकडे त्याचा अर्थ आरोग्य, मॅडम,” रवांद म्हणाली. “तुम्ही दमलेल्या दिसलात.”

“आणि उद्या एखादा पेशंट तुला असंच भलतं बोलला तर?”

“तुम्ही केलंत तेच करीन. आधी विचारीन, म्हणायचंय काय तुला?”

मग बाई अशा हसल्या की खुर्ची करकरली.

“काय झालं गं?” सौसननं विचारलं.

“तुझ्या लेकीनं आग लावली,” मी म्हटलं.

रवांदची निवड झाली. पहिल्या दिवशी पांढरा कोट घालून ती भट्टीपाशी थांबली आणि शुद्ध आमच्या बोलीत म्हणाली, “देव तुम्हाला आरोग्य देवो, काका.”

नवऱ्याचं तोंड उतरलं. “अगं, आता तूही? मग माझ्या भट्टीचं काय?”

“आफिया, काका! भरपूर आफिया!”

“हां!” म्हणत त्यानं गरम रोटी तिच्या हातात कोंबली. मला इतका आनंद झाला, की मी पिठाच्या हातांनीच तिला मिठी मारली, आणि कोटाचं मग लक्षात आलं.