एकोणीस सह्या

थोरल्याला विचारून काही करायची सवय कधी लागलीच नाही. शिकला भाराभर, पण कात्री हातात घेण्याआधी आईला हाक मारावी, एवढी अक्कल त्याला कुठल्या शाळेने दिली नाही.

त्याचे वडील काचकाम करायचे. प्रयोगशाळांना लागणारे चंबू, नागमोडी नळ्या ते फुंकून घडवायचे. मोठमोठे शास्त्रज्ञ त्यांना हाताने पत्रं लिहीत: नळी इथे वाकवा, गळा अरुंद करा; आणि बाजूला चित्र. आईला अक्षरं जेमतेम लागायची, पण चित्र पाहून कुठलं पत्र कोणाचं ते बिनचूक सांगायची. नवऱ्यामागे बावीस वर्षं तिने ती पत्रं मऊ कापडात गुंडाळून वाळवीपासून, ओलीपासून जपली. एक टाचणी लागू दिली नाही. पाय मोडला म्हणून लेकीकडे राहिली, ते तीनच महिने.

परत आली त्याच आठवड्यात तिने बोलावलेल्या संग्रहालयाच्या बाई पत्रं न्यायला आल्या. थोरल्याने आतून एक चौकट आणून मोठ्या तोऱ्यात टेबलावर ठेवली. काचेखाली, पुठ्ठ्यावर डिंकाने चिकटवलेल्या एकोणीस सह्या.

"आणि पत्रं?" बाईंनी विचारलं.

"महत्त्वाचं तेवढं ठेवलंय. बाकी सगळं नळ्याबिळ्यांचंच होतं हो. रद्दीत दिलं."

आईने खुर्चीचा हात घट्ट धरला. "रद्दीवाल्याला फोन लाव."

त्याने लावला. माल केव्हाच कारखान्यात गेला होता. लगदा होऊनसुद्धा महिना झाला होता.

"फोटो तरी काढलेत?" बाई.

"नळ्यांचे कशाला काढायचे?"

"या सह्या तरी न्या," आई म्हणाली. तिचा असा मऊ आवाज घरात कधी कोणी ऐकला नव्हता.

"नुसत्या सह्या आमच्याकडे ढीगभर आहेत, आजी. उपकरण घडवलं कोणी, ते त्या मजकुरात होतं." बाई आणलेली पेटी रिकामीच घेऊन जिना उतरल्या.

थोरला चौकटीवरची धूळ बाहीने पुसत म्हणाला, "तुला बरं वाटावं म्हणून केलं गं आई. दिसतंय तर छान."

"दिसतंय की. लाव तुझ्याच खोलीत," आई म्हणाली. "ह्या एकोणीस जणांची नावं पुस्तकांत छापलीयत, तुझ्या कात्रीवाचून ती कुठे पळून जात नव्हती. तुझ्या बापाचं नाव तेवढं त्या कागदांच्या माथ्यावर होतं, दुसरीकडे कुठेच नाही. मी त्यांना नुसतं स्मशानात पोचवलं होतं रे. तू पार पुसून टाकलंस."